साडेतीन आणि सात वर्षांच्या मुलांना घेऊन अजिंठा-वेरूळ: काय बघावं, काय सोडावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते कळेल. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी सात वर्षांची, सोबत गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून स्वतःच्या गाडीने शनिवारी निघायचं, रविवारी छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहर आणि देवगिरी, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ आणि बुधवारी परत. मुलं कंटाळतील का, एवढं सगळं होईल का आणि गाइड घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत.

सर्वांत आधी वार बघा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. तुमच्या आराखड्यात दोन्ही दिवस नेमके बंदच्या दिवशी आले आहेत. सुदैवाने उपाय सोपा आहे: दोघांची अदलाबदल करा. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. शनिवार-रविवारची गर्दीही आपोआप टळेल, आणि दिवाळीच्या सुट्टीत ही गोष्ट फार मोठी आहे. भाऊबीजेनंतरच्या शनिवार-रविवारी वेरूळच्या कैलास लेण्याच्या दारात मूल कडेवर घेऊन उभं राहणंही अवघड होतं.

आता मुलांच्या कंटाळ्याबद्दल. लहान मुलं लेण्यांना फारशी कंटाळत नाहीत. ती थकतात, तहानतात, त्यांना शू लागते, उन्हाने डोकं तापतं, आणि या सगळ्याचं रडणं एकच असतं. आपण म्हणतो ‘कंटाळला’. त्यामुळे ‘मुलांना इतिहासात रस कसा लावू’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘मूल ताजंतवानं असताना त्याला नेमक्या कोणत्या चार गोष्टींपुढे उभं करू’ हा आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाकडे सकाळी साधारण दीड तास चांगला असतो, सात वर्षांच्या मुलीकडे अडीच ते तीन. त्यानंतर जे बघाल ते मोठ्यांसाठी असेल आणि त्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागेल. वेरूळला ३४ लेणी आहेत, अजिंठ्याला ३० च्या आसपास. त्यातली वेरूळला चार आणि अजिंठ्याला तीन-चार बघायची असं घरूनच ठरवून निघा. ‘एवढ्या लांब आलोय तर’ या वाक्याने लहान मुलांच्या सहली जितक्या बिघडतात तितक्या पावसानेही बिघडत नाहीत.

अर्थात काही गोष्टी तुमच्या मुलांवर अवलंबून आहेत. धाकटा दुपारी झोपतो का? कडेवर घ्या म्हणतो की चालतो? अंधाराला घाबरतो का? मुलीला गोष्टी ऐकायला आवडतं की चित्र काढायला? हे तुम्हालाच माहीत. मी खाली जे लिहितोय ते दुपारी झोपणारा, अर्धा वेळ चालणारा आणि अंधारात जरा बिचकणारा मुलगा धरून.

वेरूळपासून सुरू करतो, कारण लहान मुलांसाठी दोघांतलं तेच सोपं आहे. शहरापासून ३० किलोमीटर म्हणजे पाऊण-एक तास. लेणी सूर्योदयाला उघडतात, अजिंठ्यासारखी नऊची वाट बघावी लागत नाही. आणि एक गोष्ट फार उपयोगाची: वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम उतारावर कोरलेली आहेत, त्यामुळे सकाळी डोंगराचीच सावली लेण्यांच्या पुढ्यात पडते. ऊन तिथे पोहोचायला वेळ लागतो. फोटोसाठी लोक दुपारचं पश्चिमेचं ऊन पसंत करतात ते बरोबर आहे, पण मुलांबरोबर सकाळची सावली घ्या, फोटो थोडे काळपट आले तरी चालतील. सव्वासातला दारात असाल तर नऊपर्यंत तुमचं महत्त्वाचं बघून झालेलं असेल, आणि सहलीच्या बसेस येऊ लागतील तेव्हा तुम्ही निवांत नाश्त्याला बसला असाल.

तिकीट मोठ्यांना माणशी ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर थोडं कमी. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचा क्यूआर कोड आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा, दारात नेटवर्कशी झगडत बसू नका.

आत शिरलं की समोरच सोळावं लेणं, कैलास. तिथेच सुरुवात करा. कैलास मुलांना कळतं ते आकारामुळे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हा डोंगर वरून खाली कोरत आणला. खाच सुमारे ३० मीटर खोल आहे आणि बाहेर काढलेल्या दगडाचा अंदाज दोन लाख टनांच्या घरात जातो. पण ‘दोन लाख टन’ हे मुलीला सांगून काही उपयोग नाही. त्यापेक्षा निघण्याच्या आठवड्यात घरी हा प्रयोग करा. अंघोळीच्या साबणाची एक मोठी वडी घ्या आणि बोथट चमचा. वरच्या पृष्ठभागावर पेनाने एक चौकोन काढायला सांगा. चौकोनाच्या भोवती खणत खाली जायचं, मधला ठोकळा तसाच ठेवायचा, आणि मग त्या ठोकळ्याला वरून कळसाचा आकार द्यायचा. दहा मिनिटांत कळस तुटतो. तुटलेला परत चिकटवायचा नाही, हा नियम. मुलगी स्वतः म्हणेल की आधी खालचं कोरलं तर वरचं कोसळेल, आणि वरचं एकदा चुकलं की गेलं. ही समज घेऊन ती कैलासच्या अंगणात उभी राहिली की तिला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. अंगणाच्या कडेच्या उभ्या भिंतींवर छिन्नीचे घाव अजून दिसतात, ते तिला शोधायला लावा.

दारातून आत गेल्यावर पहिली भेट गजलक्ष्मीची: कमळांच्या तळ्यात बसलेली आणि हत्ती तिच्यावर पाणी ओततायत. धाकट्याला इथूनच हत्तींचा छंद लावून द्या. अंगणात दोन्ही बाजूंना सुट्टे उभे मोठे हत्ती आहेत, उंच ध्वजस्तंभ आहेत, आणि देवळाचा सगळा जोता हत्तींच्या पाठीवर तोललेला आहे. ‘सोंड असलेले शोध, सोंड तुटलेले शोध’ एवढ्यावर साडेतीन वर्षांचं मूल देवळाला पूर्ण प्रदक्षिणा घालतं, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला वर बघता येतं.

मुलीसाठी दक्षिण बाजूला जा. तिथे खालच्या पातळीवर रावण कैलास हलवतोय. दहा तोंडं, पसरलेले हात, वर घाबरून शंकराला बिलगलेली पार्वती, आणि शंकर मात्र निवांत, नुसत्या पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतोय. ही गोष्ट आदल्या रात्री झोपताना सांगून ठेवा. तिथे उभं राहून पहिल्यांदा सांगायला लागलात तर मूल गोष्ट ऐकेल, शिल्प बघणार नाही. आधी ऐकलेली असेल तर ती स्वतः शिल्पात रावण शोधेल, मग पार्वती, मग तो अंगठा. रामायण आणि महाभारताचे पट मंडपाच्या दोन बाजूंना पट्ट्यापट्ट्यांत कोरलेले आहेत: दक्षिणेला रामायण, उत्तरेला महाभारत. रामायणाच्या पटात वानरसेना शोधायला सांगा, पाच-सात मिनिटं सहज जातात. मात्र दोन्ही पट पूर्ण वाचून दाखवायच्या फंदात पडू नका.

वरच्या मजल्यावर जायचं का? मुलीला घेऊन जा, धाकट्याला नको. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, आतला मंडप अंधारा आहे, वटवाघळांचा वास येतो आणि बाहेरच्या सज्ज्यांचे कठडे मुलांच्या हिशेबाने पुरेसे नाहीत. कैलासच्या बाहेरून डोंगरावर चढून वरून बघायची वाट आहे. दृश्य अप्रतिम आहे, पण काठ सुटा आणि खाली तीस मीटर. चालतं मूल घेऊन तिथे जाऊ नका. एकाने मुलांजवळ थांबावं, दुसऱ्याने जाऊन यावं, मग अदलाबदल. सात वर्षांच्या मुलीलाही हात घट्ट धरल्याशिवाय नेऊ नका, आणि फोटोसाठी तो हात सोडू नका.

कैलासनंतर डोंगराकडे तोंड करून उजवीकडे दहाव्या लेण्याकडे जा, काही मिनिटांची चाल आहे. याला विश्वकर्मा किंवा सुतार की झोपडी म्हणतात. छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात, समोर स्तूप आणि त्याला टेकून बसलेले बुद्ध. मुलांना एकच प्रश्न विचारा: हे लाकूड आहे की दगड? मग सगळ्यांनी गप्प उभं राहून एकाने हलक्या आवाजात एकच लांब सूर लावायचा. दगडात तो घुमून परत येतो. धाकट्याला बहुतेक वेळा हेच सर्वांत जास्त आवडतं. फक्त आधी आजूबाजूला कोणी ध्यानाला किंवा वंदनेला बसलेलं नाही ना, ते बघा. हे बौद्ध उपासकांचं श्रद्धास्थान आहे आणि मुलांना हेही सांगायला हवं. पाचव्या लेण्यात लांबच लांब दोन बुटके दगडी बाक आहेत. वेळ आणि पाय शिल्लक असले तर तिकडे जा, नसले तर सोडून द्या.

जैन लेणी, म्हणजे ३० ते ३४, उत्तर टोकाला आहेत. चालत नेऊ नका. आतल्या वाहनांची सोय दारातच विचारून घ्या. बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, अंगणात अखंड हत्ती आहे आणि वरच्या मजल्यावर आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका. गर्दी कमी, सावली भरपूर. मात्र नाश्ता झाल्यावर मूल अजून हसत असेल तरच जा. डोळे चोळायला लागलं असेल तर गाडी शहराकडे वळवा.

सासूबाईंना घृष्णेश्वराचं दर्शन हवंच असणार. देऊळ लेण्यांपासून अगदी जवळ आहे, पण सोमवारी रांग लांब असते आणि रांगेत साडेतीन वर्षांचं मूल उभं करणं म्हणजे त्याचा सगळा दीड तास तिथेच संपवणं. शक्य असेल तर दर्शन रविवारीच उरका. देवगिरी वेरूळच्याच रस्त्यावर आहे. सोमवारीच करायचं झालं तर एकाने पहाटे सासूबाईंना घेऊन जावं आणि दुसऱ्याने मुलांबरोबर मागे राहावं. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा-बनियन काढावं लागतं, फोन आत नेता येत नाही. दोन्ही गोष्टी आधी माहीत असल्या की दारात धांदल होत नाही. मुलीला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट: शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले याच वेरूळचे. चौथीत गेल्यावर हे नाव तिला पुन्हा भेटेल.

आता अजिंठा. इथे मी जरा सावध सल्ला देतो. चार वर्षांखालच्या मुलासाठी अजिंठ्याची चित्रं जवळजवळ नसल्यातच जमा. प्रकाश मंद, बोलायचं हळू, हात लावायचा नाही, बूट काढा-घाला, आणि चित्रं मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा छताला. तरीही तुम्ही जा, कारण सात वर्षांच्या मुलीसाठी ही जागा सोन्यासारखी आहे. फक्त कुटुंबाचे दोन गट करून जा.

शहरापासून अंतर सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे मुलांच्या थांब्यांसह अडीच तास धरा. शेवटी अजिंठा घाट उतरून फर्दापूरकडे जावं लागतं. गाडी लागणाऱ्या मुलाला घाटाच्या आधी दूध देऊ नका, कोरडं काहीतरी द्या. लेणी नऊला उघडतात, म्हणून साडेसहाला निघा. मुलांना झोपेतूनच गाडीत ठेवा, नाश्ता सिल्लोडच्या पुढे. ज्यांना एवढ्या पहाटेचं जमत नाही त्यांनी आदली रात्र फर्दापूरला काढावी. तिथे एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान आहे. तुमच्या बाबतीत सोमवारी दुपारची झोप झाल्यावर संध्याकाळी फर्दापूरला सरकणं हा खरं तर चांगला पर्याय आहे. सामान बांधायचा त्रास एकदा होतो, पण मंगळवारची सकाळ वाचते.

स्वतःची गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. टी-पॉइंटला ती उभी करून तिथल्या बसने पुढचे चार किलोमीटर जायचं. टी-पॉइंटला उतरल्यावर दुकानांच्या रांगेतून जावं लागतं आणि मुलांच्या हातात चमकणारा दगड ‘भेट’ म्हणून ठेवला जातो. तो घेतला की परतताना त्या दुकानात थांबणं ओघानेच आलं. मुलांना आधीच सांगून ठेवा की दगड परतताना घ्यायचा, एकच, आणि पैसे देऊन. हे स्फटिक दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांमध्ये तयार होतात, म्हणजे ज्या खडकात लेणी आहेत त्याच जातीच्या खडकात. मुलीला हे फार आवडेल.

बसमधून उतरल्यावर स्वच्छतागृह तिथेच खाली वापरून घ्या. लागली नाही म्हणाले तरी न्या. वर लेण्यांच्या रांगेत ही सोय नाही, आणि सव्विसाव्या लेण्यापासून रडतं मूल घेऊन परत येणं फार लांब पडतं. पहिल्या लेण्यापर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत. सासूबाईंसाठी डोली मिळते: खुर्ची आणि चार माणसं. भाव आधी ठरवा, त्यात थांबण्याचा वेळ आणि परतीचा फेरा धरलेला आहे ना हे स्पष्ट विचारा. ढकलगाडी, म्हणजे स्ट्रोलर, गाडीतच राहू द्या. धाकट्यासाठी पाठीवर किंवा पोटाशी बांधायचा कॅरिअर घ्या, नाहीतर जाड सुती ओढणीची झोळी. मूल पंधरा किलोच्या आसपास असेल तर दोन मोठ्यांनी आलटून पालटून घ्यायचं, एकट्याने नाही. पायऱ्यांवर दमलेल्या माणसाचा तोल जातो.

मोठी चित्रं असलेल्या लेण्यांत बूट काढावे लागतात आणि एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. म्हणून लेसचे बूट नकोत. मागे पट्टा असलेले, पटकन निघणारे सँडल आणि जाड मोजे घ्या. नुसत्या चपला घेऊ नका, पायऱ्यांवर निसटतात.

आत गेल्यावर बहुतेक लोक एक चूक करतात. बाहेरच्या उन्हातून आत येऊन लगेच चित्रासमोर उभे राहतात, ‘काही दिसत नाही’ म्हणतात आणि फोनचा दिवा लावायला बघतात. फ्लॅशला बंदी आहे. तीव्र प्रकाशाने दीड हजार वर्षांचे रंग विटतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. तेवढा वेळ मुलीला दाराकडे पाठ करून एका बाजूला उभं करा, फोन खिशात ठेवा, आणि गोष्ट सांगा. गोष्ट संपेपर्यंत भिंतीतून माणसं हळूहळू उमटायला लागतात. हा अनुभव मुलं विसरत नाहीत, कारण चित्र त्यांच्या डोळ्यांदेखत ‘येतं’.

पहिल्या लेण्यात पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, आहेच, गाभाऱ्याच्या डाव्या बाजूला. मुलीला खांद्यावर घेऊन दाखवा, म्हणजे चेहऱ्याशी तिची नजर जुळेल. पण तिच्यासाठी खरी गंमत एका खांबाच्या माथ्यावर आहे: चार हरणं आणि चौघांना मिळून एकच डोकं. कोणत्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. खांब सापडला नाही तर तिथल्या रक्षकाला विचारा, ते आनंदाने दाखवतात.

दुसऱ्या लेण्यावर मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. आत उजवीकडे, मागच्या बाजूला हारितीचं छोटं दालन आहे. हारिती ही मुलं पळवून खाणारी यक्षी. बुद्धांनी तिचंच लाडकं मूल लपवलं तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. (धाकट्याला हे सांगू नका, रात्री त्रास होईल.) तिच्या आसनाखालच्या पट्टीत एक शाळा कोरलेली आहे. एका टोकाला छडी घेतलेले गुरुजी, पुढे पाटीवर मान घातलेली पोरं, आणि मागच्या रांगेत चाललेली मस्ती. हे शिल्प खाली असल्यामुळे सात वर्षांच्या मुलीला खाली बसून नीट बघता येतं. ‘यातली तू कोण?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. पंधराशे वर्षांपूर्वीच्या वर्गातही मागची पोरं अशीच होती, हे तिचं तिला दिसतं. याच लेण्याच्या छतावर हंसांची गोल रांग आहे, ती मोजायला सांगा. मान वर करून मोजताना चुकतंच, परत मोजू दे.

यानंतर मधली लेणी सोडून सोळाव्याच्या दारातले गुडघे टेकलेले हत्ती बघा. हे बाहेर उजेडात आहेत, म्हणून धाकट्याच्या वाट्याचे. सतराव्यात जातककथांची, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींची, चित्रं दाटीवाटीने आहेत. एकच कथा निवडा, माझ्या मते महाकपीची (वानरराजाची) किंवा सहा सुळ्यांच्या हत्तीची, आणि तेवढीच बघून बाहेर या. सव्विसाव्यात डाव्या भिंतीशी महापरिनिर्वाणातले, म्हणजे अंतकाळी आडवे झालेले, बुद्ध आहेत, सुमारे सात मीटर लांब. मुलांना डोक्यापासून पावलांपर्यंत चालत जाऊन स्वतःची पावलं मोजू दे. पण तिथवर जायचं की नाही ते सतराव्याच्या दारात ठरवा. जितकं पुढे जाल तितकंच परत यायचं आहे.

दोन गटांची पद्धत अशी: चित्रांच्या प्रत्येक लेण्यात एक मोठा माणूस मुलीला घेऊन आत, दुसरा धाकट्याबरोबर बाहेर सावलीत. पंधरा मिनिटांनी बदल. बाहेर बसलेल्याने खाऊचा डबा उघडायचा नाही, कारण अजिंठ्याची वानरं डबा, पिशवीचा आवाज आणि केळं, तिन्ही ओळखतात. खाऊ खालीच खायचा. वानर जवळ आलं तर मुलाला उचलून घ्या, डोळ्याला डोळा भिडवू नका, हातातली वस्तू ओढली तर सोडून द्या.

धोक्याच्या गोष्टी थोडक्यात. दोन्हीकडे काही लेण्यांच्या अंगणात पाण्याची कोरीव पोढी, म्हणजे टाकी, असतात. अंगणात शिरताना आधी तुम्ही नजर फिरवा, मग मुलाचा हात सैल करा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. दगड मारू नये, धूर करू नये, तिथे घोळका करून आरडाओरडा करू नये. माश्या घोंघावायला लागल्या तर हात न झटकता मुलाचं तोंड-डोकं ओढणीने झाकून लगेच तिथून दूर, बंद गाडीत किंवा बंद खोलीत जा. गर्दीत मूल हरवलं तर काय करायचं ते एकच वाक्य शिकवा: आहेस तिथेच थांब आणि गणवेशातल्या काकांना हाक मार. तुमचा नंबर त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहा. कपडे भडक रंगाचे घाला, दगडी पार्श्वभूमीवर करडं-तपकिरी मूल दिसत नाही.

पाणी मोठ्यांना माणशी एक लिटर, मुलांना अर्धा, आणि एक ओआरएसची पुडी. खायला दशमी, शेंगदाण्याचा लाडू, काकडी. चॉकलेट वितळतं आणि हात चिकट झाले की ते हात भिंतीला जातात. भिंतीला हात का लावायचा नाही हे मुलीला एकदा नीट सांगा: प्रत्येक तळहाताचा घाम आणि तेल दगडावर, रंगावर राहतं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली खांबावर नाव खरडलं, ते अजून आहे. आज असं केलं तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांना नियम पटतो तो कारण कळलं की.

रविवारचा देवगिरी किल्ला हलका ठेवा. प्रवेशद्वारातल्या तोफा, हत्ती हौद, चांद मिनार, बस. पुढची अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी मार्ग, आणि त्यानंतरची चढण या वयाच्या मुलांसाठी आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी नाही. संध्याकाळी पाणचक्की, कारण वाहतं पाणी बघायला धाकटा कितीही वेळ उभा राहील, किंवा बीबी का मकबरा, जिथे जमीन सपाट आहे आणि पळायला जागा आहे. दोन्ही एकाच संध्याकाळी नको.

गाइड घ्यावा का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. कैलाससाठी आणि अजिंठ्यासाठी घ्या, पण सरकारमान्य ओळखपत्र असलेला, आणि पैसे ठरवण्याआधीच त्याला तीन गोष्टी सांगा: वेळ दीड तास, लेणी चार, आणि सनावळ्यांपेक्षा गोष्टी जास्त. सात वर्षांच्या मुलीशी तो थेट बोलतो की फक्त तुमच्याशी, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. फक्त तुमच्याशी बोलत असेल तर न संकोचता म्हणा, ‘दादा, हिला सांगा, आम्ही मागून ऐकतो.’ चांगले गाइड यावर खूश होतात आणि त्यांच्याकडच्या खऱ्या गोष्टी तेव्हाच बाहेर येतात.